गाडीतून स्कूबा टाकी नेताना: सिलिंडर नेमका बांधायचा कसा?

परभणीत स्कूबाची टाकी म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इथं कुठं समुद्र आहे?" समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे, सेलूकडे निम्न दुधना, गंगाखेड तालुक्यात मासोळी. आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशी गोदावरी जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने वाहते. माणूस बुडाला की आधी गावातले भोई उतरतात, मग अग्निशमन दल येतं, आणि प्रसंग मोठा असला तर राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी. या दलाचे तळ धुळे आणि नागपूरला. म्हणजे हवेच्या टाक्या पाण्यापर्यंत येतात त्या शेकडो किलोमीटर रस्त्याने, गाडीतूनच.

मी परभणीचा, डायव्हिंग शिकलो तारकर्लीला. माझ्या दोन टाक्या आहेत, आणि त्या पाण्याखाली जितक्या वेळ असतात त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ गाडीत असतात. डायव्हिंगच्या कोर्समध्ये पाण्याखालची शिस्त तासन्तास शिकवतात, टाकी गाडीत कशी ठेवायची हे दोन वाक्यांत उरकतात. म्हणून हा लेख. हाच हिशेब अग्निशमन दलाच्या पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरला, घरी रुग्ण आहे म्हणून आणलेल्या ऑक्सिजनला आणि वेल्डिंगवाल्याच्या सिलिंडरलाही लागू पडतो. परभणीच्या रस्त्यांवर स्कूबापेक्षा तेच जास्त दिसतात.

टाकीत असतं काय?

आधी एक गैरसमज काढून टाकू. पेपरात छापून येतं, "पाणबुडे ऑक्सिजनचे सिलिंडर लावून उतरले." नेहमीच्या स्कूबा टाकीत ऑक्सिजन नसतो, तुमच्या-आमच्या भोवती असते तीच हवा असते, फक्त गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. सगळ्यात जास्त वापरात असलेली ॲल्युमिनियमची टाकी घ्या. तिच्यात ११.१ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते आणि कामाचा दाब २०७ बार, म्हणजे ३००० पीएसआय. पीएसआय हा शब्द पंक्चरवाल्याकडे ऐकलेला असतोच: कारच्या टायरात ३२ च्या आसपास भरतात, ट्रकच्या टायरात ११०–१२०. इथे ३०००. एवढ्या दाबाने साधारण २२०० लिटर हवा त्या ११ लिटरच्या जागेत बसते.

आता वजन. रिकामी टाकी व्हॉल्व्हसकट १५ किलोच्या आसपास, आतली हवा अडीच किलोहून थोडी जास्त. भरलेली टाकी साधारण साडेसतरा किलो धरा. यातून निघणारी गोष्ट लक्षात ठेवा: "रिकामी आहे, टाका तशीच" असं आपण म्हणतो ती टाकी भरलेल्या टाकीपेक्षा फक्त अडीच किलोने हलकी असते. डोक्यात बसली तर फरक शून्य.

धोका दाबाचा की वजनाचा?

लोकांना भीती वाटते दाबाची, आणि ती अगदीच खोटी नाही. भरलेल्या टाकीतली हवा एका झटक्यात बाहेर पडली तर तिच्यातून सुमारे ४५० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक हजार किलोची कार ताशी १०८ किलोमीटरने धावत असताना तिच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी. व्हॉल्व्ह मुळापासून तुटून साधारण २५ मिमीचं तोंड उघडं पडलं, तर हवेचा उलटा रेटा पहिल्या क्षणी टनाच्या आसपास जातो. साडेसतरा किलोच्या वस्तूला टनाचा रेटा! सिनेमात दाखवतात तशी ती लांबवर उडत राहत नाही, कारण बहुतेक हवा अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. पण तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जातं.

तरी माझं मत विचाराल तर गाडीत रोजचा धोका हा नव्हे. स्कूबाचा व्हॉल्व्ह जाड पितळेचा असतो आणि सहजी मोडत नाही. खरा धोका आहे साध्या वजनाचा, आणि त्याकडे कुणी बघत नाही.

गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. समोर ऊस भरलेली ट्रॉली आडवी आली, गाडी धडकली आणि थांबली. मागची मोकळी टाकी थांबत नाही, ती ६० च्याच वेगाने पुढे येते. हा वेग किती? १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून टाकी सोडली तर खाली पोचताना तिचा जेवढा वेग असेल, तेवढा. गाडीचं तोंड चेपत चेपत अर्धा-पाऊण मीटरमध्ये गाडी थांबते असं धरलं, तर टाकीला जागेवर धरून ठेवायला तीनशे किलोहून जास्त जोर लागतो. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाने "मी धरतो की हाताने" म्हणण्यात काही अर्थ नाही तो यामुळे.

धडक रोज होत नाही. रोज होतं ते ब्रेक, वळण आणि खड्डा. करकचून ब्रेक लावला तर वस्तूला तिच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे ढकललं जातं, वळणावर बाजूला ०.५ पट. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात हेच आकडे धरतात: पुढे ०.८, बाजूंना आणि मागे ०.५. पुढचा सगळा हिशेब मी यावरच केला आहे. मात्र ज्या डब्यात माणसं बसतात तिथे हे पुरत नाही. रुग्णवाहिकांसाठीच्या ई.एन. १७८९ या युरोपीय मानकात आतली उपकरणं वजनाच्या दहापट जोराला सुटता कामा नयेत अशी अट आहे. दोन आकड्यांतलं अंतर बघा. ०.८ मध्ये टाकी ब्रेक लावल्यावर हलत नाही एवढंच, १० मध्ये धडकेतही ती माणसाच्या अंगावर येत नाही. म्हणून माझा पहिला नियम असा, की जमेल तोवर टाकी आणि माणसं एका डब्यात नकोत. पिकअपचा हौदा असेल तर टाकी हौद्यात.

उभी की आडवी?

यावर डायव्हिंग करणारे तासभर भांडू शकतात. आपण आकडे बघू.

ॲल्युमिनियमची टाकी सुमारे ६६ सेंमी उंच आणि १८.४ सेंमी जाड. उभी ठेवली तर तिचा गुरुत्वमध्य साधारण ३३ सेंमीवर येतो आणि बुडाची त्रिज्या ९.२ सेंमी. ९.२ ला ३३ ने भागा: ०.२८. म्हणजे वजनाच्या ०.२८ पट जोर लागला की टाकी पडते. नेहमीचा, घाई नसलेला ब्रेकसुद्धा ०.३ च्या आसपास असतो. थोडक्यात, न बांधलेली उभी टाकी पहिल्या स्पीडब्रेकरलाच पडणार. दवाखान्यातला मोठा ऑक्सिजन सिलिंडर, ज्याला आपल्याकडे 'जंबो' म्हणतात, तो तर आणखी उंच आणि अंगाने बारीक. तो ०.१८ लाच पडतो, आणि त्याचं वजन साठ किलोच्या घरात असतं.

पण टाक्या घट्ट एकत्र बांधल्या की चित्र बदलतं. नऊ टाक्या तीन-तीनच्या तीन ओळींत उभ्या केल्या आणि भोवती दोन पट्टे करकचून आवळले, एक तळापासून तिसऱ्या हिश्श्यावर आणि दुसरा दोन तृतीयांश उंचीवर, तर तो एकच ठोकळा होतो. बुड ५५ सेंमी रुंद, पडायला लागणारा जोर ०.८४. ब्रेकमध्ये तो पडत नाही. मग तो ठोकळा हौद्याच्या पुढच्या पत्र्याला टेकवून गाडीला बांधायचा. एक-दोन टाक्या असतील तर हा फायदा मिळत नाही. त्या आडव्याच ठेवा.

आडवी टाकी पडत नाही, पण घरंगळते. तिला आडवी ठेवताना दिशा कोणती? मी गाडीच्या रुंदीला समांतर ठेवतो, म्हणजे एक टोक डाव्या बाजूला, दुसरं उजव्या. कारच्या डिकीत मागच्या सीटच्या पाठीला टाकीचा अख्खा अंग चिकटलेला असतो. ब्रेक लागला की टाकी सीटच्या पाठीवर ६६ सेंमी लांबीवर रेलते. तीच टाकी लांबीला समांतर ठेवली तर धडकेत तिचं टोक मुसळासारखं येतं, आणि तो सगळा जोर वीतभर जागेवर पडतो. सीटच्या पाठीची कडी नीट अडकली आहे ना, हे आधी हलवून बघा. पाठ दुमडणाऱ्या सीटमध्ये ती कडी हीच तुमची शेवटची भिंत असते.

घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पाचर हवी. चढावर बैलगाडी थांबवली की चाकाला उटी लावतात ना, अगदी तेच काम. हिशेबाने ०.८ च्या जोराला अवघी २ सेंमी उंचीची पाचर पुरते. पण हा हिशेब गुळगुळीत रस्त्याचा. आपल्याकडची जमीन काळी, कापसाची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्या लाटेवरून गाडी उतरते तेव्हा टाकी क्षणभर अधांतरी होते, आणि अधांतरी टाकीला २ सेंमीची पाचर कशी अडवणार? म्हणून पाचर ६ सेंमी उंच ठेवा, बाभळीच्या लाकडाची करून घ्या आणि फळीला खिळ्यांनी पक्की करा. सुतार ते काम तासाभरात करून देतो. दोन फळ्या, चार पाचरी, झालं. सुटी पाचर मात्र लावू नका. दोन-चार गचक्यांत ती निसटते आणि कुठेतरी कोपऱ्यात जाऊन पडते.

व्हॉल्व्हची घुंडी कुठल्याही पत्र्याला किंवा दुसऱ्या टाकीला टेकलेली नको. घासून घासून ती फिरते आणि हवा हळूहळू सुटते. दोन टाक्या शेजारी ठेवल्या तर व्हॉल्व्ह एकाच बाजूला, मध्ये रबर किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा. रेग्युलेटर आणि जाकीट टाकीला जोडलेलं ठेवून प्रवास अजिबात करायचा नाही. ते सगळं सुटं काढून पेटीत.

पट्टा काय करतो आणि काय करत नाही

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मालावरून दोर टाकला, दोन्हीकडून आवळला, की आपल्याला वाटतं माल बांधला गेला. प्रत्यक्षात वरून टाकलेला पट्टा मालाला पुढे जाण्यापासून थेट अडवत नाहीच. तो मालाला खाली दाबतो, त्या दाबाने घर्षण वाढतं, आणि घर्षण मालाला अडवतं. म्हणजे खाली काय अंथरलं आहे यावर पट्ट्याचं काम अवलंबून.

एका लाकडी पेटीत घट्ट बसवलेल्या दहा टाक्या घ्या. टाक्यांचं वजन १७५ किलो, पेटीचं सोडून देऊ. ब्रेकचा जोर ०.८ ने १४० किलो. हौद्याचा रंगवलेला पत्रा, घर्षण ०.२ धरा: स्वतःच्या वजनावर पेटीला ३५ किलोचं घर्षण मिळतं. उरले १०५ किलो. ५० मिमी रुंदीचा चांगला रॅचेट बेल्ट हाताने कसला तर साधारण २५० किलोचा ताण येतो. दोन्ही बाजूंनी मिळून ५०० किलो खाली दाबतो, त्याच्या ०.२ म्हणजे १०० किलो घर्षण. एवढा जाड पट्टा, आणि तरीही ५ किलो कमीच पडले!

आता त्याच पेटीखाली रबरी मॅट टाका. गोठ्यात म्हशींखाली घालतात ती चालते, जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडाही चालतो. घर्षण ०.६ होतं. पेटीच्या वजनाचंच १०५ किलो, उरले ३५, आणि एक पट्टा देतो ३००. हजार-दीड हजाराचे पट्टे घेण्याआधी ही मॅट घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. आणि पेटी पुढच्या पत्र्याला टेकवून ठेवा, मध्ये वीतभरही मोकळी जागा नको. टेकलेला माल पत्रा अडवतो, आणि पट्ट्याला फक्त उडण्यापासून आणि बाजूच्या सरकण्यापासून राखायचं उरतं.

आपल्याकडे बांधायला काय वापरतात? नायलॉनची दोरी सगळ्यात जास्त. ती ताणते, आणि गाठ ढिली होते. बाईकच्या कॅरिअरचे लवचिक हुक तर यासाठी साफ निकामी, ते ताणण्यासाठीच बनवलेले असतात. साखळी मजबूत असते पण टाकीवरून घसरते आणि ॲल्युमिनियमवर ओरखडे पाडते. रॅचेट बेल्टच घ्या, आणि त्यावरच्या लेबलवर क्षमता लिहिलेली असेल तोच घ्या. तो हौद्याच्या कडेच्या पातळ पत्र्याला अडकवून उपयोग नाही. चासीला वेल्ड किंवा बोल्ट केलेल्या हुकातच अडकवा. काही छोट्या टेंपोंना असे हुक नसतात. गॅरेजमध्ये चार बसवून घ्यायला फार खर्च येत नाही.

कितीही कसला तरी पहिल्या दहा-वीस किलोमीटरमध्ये पट्टा ढिला पडतो, कारण माल बसका होतो. परभणीहून येलदरीला निघालो की मी झरीला एकदा गाडी थांबवून पट्टे पुन्हा कसतो, आणि जिंतूर सोडताना हात फिरवून बघतो. कोकणात जाताना घाट उतरण्याआधी नक्की. घाटात सलग वळणं आणि सलग ब्रेक, दोन्ही एकदम असतात.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाक्या नेऊ नका. ट्रॉलीला नीट स्प्रिंग नसतात, रस्त्याचा प्रत्येक दणका थेट मालाला बसतो. नाइलाज असेल तर खाली गोणपाटात भरलेला भुसा दोन थर द्या आणि वेग बैलगाडीचा ठेवा.

मे महिन्यातली परभणी

"उन्हात टाकी फुटेल का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. परभणीचं मे महिन्यातलं ऊन माहीत असल्यावर प्रश्न रास्तच आहे. उत्तर: फक्त उन्हाने, चांगल्या स्थितीतली आणि दाबापेक्षा जास्त न भरलेली टाकी फुटत नाही. २७ अंशाला २०७ बार असलेली टाकी बंद गाडीत ६७ अंशांपर्यंत तापली तर दाब होतो २३५ बारच्या आसपास. तिची चाचणी होते ३४५ बारला. म्हणजे मध्ये भरपूर अंतर आहे.

पण याच्या उलट बाजूने माणसं फसतात. कॉम्प्रेसरवरून टाकी गरम असतानाच काढली, ४५ अंशाला काट्यावर २०७ दिसले, आणि पहाटे नदीवर तीच टाकी १९५ दाखवते. हवा कुठेच गेलेली नाही, ती फक्त थंड झाली. बारा बार कमी दिसले म्हणून गळती समजू नका, आणि चाळीस कमी दिसले तर "थंडी असेल" म्हणून सोडून देऊ नका.

आगीची गोष्ट वेगळी. आगीत किंवा १७५ अंशांच्या वर तापलेली ॲल्युमिनियमची टाकी कायमची बाद धरतात, बाहेरून कितीही ठणठणीत दिसली तरी. उष्णतेने धातूची ताकद गेलेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

स्कूबापेक्षा घातक शेजारी

हवेची टाकी गाडीत गळली तर फुसफुस ऐकू येते, काचा खाली करायच्या, विषय संपला. हवेत हवा मिसळली. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये नातेवाइकांसाठी लोक मिळेल त्या गाडीत ऑक्सिजन सिलिंडर घालून नेत होते, हे तुम्हीही पाहिलं असेल. तेव्हा इलाज नव्हता. आज घरी रुग्ण असेल आणि छोटा सिलिंडर कारने आणत असाल, तर हा हिशेब बघा. कारच्या आतली जागा ३००० लिटर धरा. त्यात फक्त १०० लिटर ऑक्सिजन गळला की प्रमाण २१ वरून २३.५ टक्क्यांच्या पुढे जातं, आणि तिथून पुढे कपडे, सीटचं कापड, केस सगळंच नेहमीपेक्षा भराभर पेटतं. दहा लिटरच्या छोट्या सिलिंडरमध्ये १५०० लिटर ऑक्सिजन असतो. त्यामुळे काच थोडी उघडी, सिगारेट-बिडी नाही, आणि व्हॉल्व्हला तेल-ग्रीसचा हात नाही. खोबरेल लावलेल्या हाताने सुद्धा नाही. गोणपाट अंथरणार असाल तर त्यावर तेलाचे डाग नाहीत ना ते बघा. गाडीतच रुग्णाला ऑक्सिजन चालू ठेवायचा असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, घरची कार त्यासाठी नाही.

सोडा आणि थंड पेयांच्या दुकानात लागतो तो कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मला सगळ्यात जास्त भीतिदायक वाटतो. एक किलो वायू म्हणजे पाचशेहून जास्त लिटर. बंद एसी कारमध्ये एक किलो गळला तर हवेतलं प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकतं, आणि १० टक्क्यांच्या पुढे माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. तो कारच्या आत ठेवायचाच नाही, पिकअपच्या उघड्या हौद्यात ठेवायचा.

कायदा काय म्हणतो?

भारतात हा विषय गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतो. मूळ कायदा १८८४ चा स्फोटक कायदा. अंमलबजावणी करणारी संस्था म्हणजे पेसो, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. वाहतुकीबद्दल या नियमांचं म्हणणं फार किचकट नाही: भरलेला सिलिंडर सायकलवर किंवा कुठल्याही दुचाकीवर न्यायचा नाही, तो गाडीच्या बाहेर डोकावता कामा नये, गाडीच्या आत टोकदार काही नको, सिलिंडर हलणार नाहीत, एकमेकांवर आपटणार नाहीत, पडणार नाहीत असे अडवून बांधायचे, ज्वालाग्राही वायूचा सिलिंडर दुसऱ्या वायूच्या सिलिंडरबरोबर न्यायचा नाही. शेवटची अट वाचून वेल्डिंगवाले हसतात, कारण त्यांच्या टेंपोत ॲसिटिलिन आणि ऑक्सिजन जोडीनेच फिरतात. हसण्यासारखं त्यात काही नाही.

परभणी जंक्शन असल्यामुळे "रेल्वेनेच टाकी नेली तर?" असंही विचारतात. नेऊ नका. धोकादायक माल परवानगीशिवाय डब्यात नेणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एसटीतही हा विचार करू नका.

टाकीच्या खांद्यावर कोरलेले आकडे वाचायची सवय लावा: क्रमांक, पाणी मावण्याची क्षमता, कामाचा दाब, चाचणीचा दाब, शेवटच्या चाचणीची तारीख. पाण्याच्या दाबाची चाचणी साधारण दर पाच वर्षांनी करावी लागते. तारीख उलटलेली टाकी भरून घेऊ नका, आणि ताजा रंग मारलेली जुनी टाकी विकत घेताना रंगाखाली काय झाकलं आहे ते विचारा.

पाण्यावर पोचल्यावर

निघताना प्रत्येक टाकीचा दाब खडूने टाकीवरच लिहायचा आणि पोचल्यावर पुन्हा मोजायचा. ही सवय शोधकामात जीव वाचवते. दहा मीटर खोलीवर माणसाला मिनिटाला साधारण ४० लिटर हवा लागते. २०७ बारची टाकी ५० बार राखून वापरली तर त्रेचाळीस मिनिटं पुरते. तीच टाकी रस्त्यात घुंडी फिरून ११० बारवर आली असेल तर सोळा मिनिटं. गोदावरीच्या गढूळ पाण्यात हाताने चाचपडत शोधायचं असतं, तिथे सोळा मिनिटांत काय होणार? आणि वरती काठावर घरचे लोक उभे असतात.

रस्त्यात टाकी आपटली, गाडीला अपघात झाला, किंवा व्हॉल्व्ह वाकडा वाटला, तर ती टाकी वेगळी ठेवून तिच्यावर खडूने फुली मारा. खोल ओरखडा, पोचा, घुंडी जड फिरणं, यातलं काहीही दिसलं तर तपासणीशिवाय भरायची नाही. अग्निशमन दलाच्या कार्बन फायबरच्या ३०० बारच्या सिलिंडरला हे जास्तच लागू, कारण त्याची ताकद बाहेरच्या तंतूंच्या थरात असते आणि तुटलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत. अपघातानंतर सिलिंडर जोरात फुसफुसत असेल तर घुंडीला हात लावायला जाऊ नका. लोकांना मागे सारा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, आवाज थांबेपर्यंत जवळ जाऊ नका आणि १०१ ला फोन करून सिलिंडर कशाचा आहे ते आधी सांगा. हवा, ऑक्सिजन की ॲसिटिलिन, यावर ते काय घेऊन येतील ते ठरतं.